शंभर वेढे कमी

त्या साली उन्हाळा लवकर लागला आणि गावातल्या मोटारी एकामागून एक जळायला लागल्या. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार पाण्याऐवजी हवा ओढते, तापते, आणि आतली तांब्याची तार काळी पडते. मग ती मोटार कुणाच्या सायकलवर, कुणाच्या हातगाडीवर वायंडरच्या दारात येते. जळकी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायची. तीस वर्षं तो हेच करत होता. लोक तोंडावर म्हणायचे, "आमची विहीर आटली की तुझी भरते." दरवर्षी तो यावर हसायचा. यंदा त्याला हसू आलं नाही.

बायको जाऊन आठ महिने झाले होते.

वायंडरकीतलं अर्धं काम तिचं होतं, हे गावाला ठाऊक नव्हतं. तार गुंडाळायच्या यंत्रावर वेढे मोजणारी एक चकती होती, ती लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मोडली. दुरुस्त करायची राहून गेली, कारण गरजच पडली नाही. तो हँडल फिरवायचा आणि ती समोर बसून मोजायची. भाजी निवडताना मोजायची, शर्टाला गुंडी लावताना मोजायची. शंभर झाले की एका वाटीतलं बटण दुसऱ्या वाटीत टाकायची. मध्ये कुणी येऊन बोलत बसलं तरी तिचं चुकायचं नाही. तोंडानं त्या माणसाशी बोलायची आणि बोटानं मांडीवर मोजत राहायची.

आता तो एकटाच मोजायचा. मोटारींत वेढे थोडे असतात, निभून जात होतं.

लेक शहरात मोबाइलची ॲप्स बनवायच्या कामाला होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आली, दोन महिने तिनं आईचं सगळं केलं, आणि नंतर गेलीच नाही. "बाबांना एकटं टाकू नको," एवढं आई तिला म्हणाली होती. ते वायंडरनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, पण ऐकल्याचं लेकीला कधी दाखवलं नाही. शहरातल्या जागेवर दुसरी कुणी आली. ऑफिसचा लॅपटॉप परत द्यावा लागला. मग उन्हाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. घरून काम करता येईल, पण आधी एक ॲप करून दाखवायचं. बारा दिवसांत.

"जमेल?" त्यानं विचारलं.

"ॲप जमेल. पण करू कशावर? पाटीवर?"

बाजारच्या गावात टायपिंगची एक शाळा बंद पडत होती. तिथं एक जुना कॉम्प्युटर मिळाला, मोठ्या डब्याचा. वायंडरनं डबा रजईत गुंडाळून मोपेडच्या पायाशी ठेवला, लेक मागे कॉम्प्युटरचा पडदा मांडीवर घेऊन बसली. रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला ती "हळू, बाबा" म्हणत होती. तो हळूच चालला होता. घरी आल्यावर दोघांनी डबा उघडला. आत एवढी धूळ, की लेक म्हणाली, "यात बी टाकलं तरी उगवेल." त्यानं मोटारी साफ करायचा भाता आणला, कोपरे ब्रशनं काढले, पंख्याला तेलाचा थेंब दिला. यंत्र कुठलंही असो, उघडल्यावर त्याच्या हाताला बरं वाटायचं.

"मेमरी कमी आहे," लेक म्हणाली, "अजून एक पट्टी घालायला लागेल." ती तिनं शहरातल्या मैत्रिणीकडून टपालानं मागवली होतीच. अरुंद खाचेत ती बसेना. त्यानं दोन अंगठ्यांनी दाबली, टक्‌ असा आवाज आला.

"मोडली?"

"बसली."

प्रश्न आला तो ठेवायचा कुठे याचा. ॲप करायचं सगळं सामान नेटवरून उतरवायचं होतं, ढिगानं, आणि फोनला रेंज घरात एकाच ठिकाणी लागायची. मधल्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यात. तिथं बायकोची खाट होती. रेंज लागते म्हणूनच तिची खाट त्या कोपऱ्यात टाकली होती, आजारपणाच्या सुरुवातीला लेकीशी रोज बोलता यावं म्हणून. तिच्यामागे तो त्याच खाटेवर झोपत होता.

लेक खोलीभर फोन हातात धरून फिरली. स्वयंपाकघरात गेली, अंगणात गेली, स्टुलावर चढली. मग उंबऱ्यात उभी राहून खाटेकडे बघू लागली.

"धर पायाकडून," वायंडर म्हणाला.

दोघांनी खाट उचलली. भिंतीला जिथं बायकोचं डोकं टेकायचं तिथं तेलाचा एक गोल डाग होता. टेबल सरकवल्यावर कॉम्प्युटरचा पडदा बरोबर त्याच्यापुढे आला.

पहिले तीन दिवस उतरवण्यातच गेले. लाईट त्या आठवड्यात सकाळी सहा ते दुपारी दोन होती. लेकीनं फोन खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला आणि कॉम्प्युटर त्याला जोडला. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं भरायची. निम्मी भरली की लाईट जायची आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून. लेक कमरेवर हात ठेवून पट्टीकडे बघत उभी राहायची. वायंडर ओसरीवर तार उपसता उपसता विचारायचा, "किती झालं?"

"एकाहत्तर."

थोड्या वेळानं, "आता?"

"एकाहत्तरच. तुम्ही विचारलंत की थांबतंय ते."

मग तो विचारायचा थांबला आणि नुसती मान वर करून बघू लागला.

डब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंग नव्हतं. वायंडरनं खिडकीबाहेर छातीएवढा खड्डा खणला. जमीन अशी वाळली होती की पहारीच्या ठिणग्या उडत होत्या. दुसऱ्या दिवशी तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. अर्थिंगची माती ओली ठेवावी लागते. तोंड धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी तो तांब्याभर साठवून रोज सकाळी तिथं ओतायचा. दूधवाली दारात उभी राहून बघायची.

"माझ्या गाईला प्यायला मिळेना, आणि तू मातीला पाणी पाजतोस."

"उष्टं पाणी आहे, वहिनी."

"गाय उष्टंसुद्धा पिते."

दूधवालीनं माप नेहमीपेक्षा जरा कमी भरलं, त्यानं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

चौथ्या दिवशी सगळं सामान बसलं. लेकीनं कॉम्प्युटरच्या आत एक फोन उघडला. पडद्यावर फोनचं चित्र आलं आणि कॉम्प्युटर धापा टाकायला लागला.

"हा खोटा फोन," ती म्हणाली. "ॲप आधी यात चालवून बघायचं. पण या म्हाताऱ्याला झेपत नाहीये."

"खरा फोन घरात असताना खोटा कशाला?"

लेक त्याच्याकडे बघत राहिली. "खरंच की. पण माझा नेटला बांधलाय. तुमचा देता?"

त्यानं खिशातून फोन काढून दिला. तिनं आत कुठं कुठं शिरून फोन ॲप तपासायला मोकळा करणारी एक ओळ शोधली. "यावर सात वेळा बोट मारायचं. तुमचा फोन आहे, तुम्हीच मारा."

त्यानं मारलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं. तीस वर्षं वार्निश लागून त्याच्या बोटांची टोकं शिंगासारखी झाली होती, फोनला ती बोटं वाटतच नव्हती. लेकीनं रॉकेलमध्ये फडकं भिजवून त्याचं बोट पुसलं, नखाच्या कडेनं, वळ्यावळ्यांतून, सावकाश. तिची मान खाली होती. आईचे हात ती असेच पुसायची. मग तिनं ते बोट धरूनच सात वेळा टेकवलं.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, तुम्ही आता डेव्हलपर झालात."

"मला विचारलं नाही त्यानं."

लेक हसली, नाकातून, थोडंसंच.

ॲप औषधांची आठवण करून देणारं होतं. माणसाचं नाव घालायचं, गोळीचं नाव घालायचं, वेळ घालायची, की त्या वेळेला फोन वाजणार. कंपनीनंच ते काम नेमून दिलं होतं. दुसऱ्या कुणाला ते सोपं गेलं असतं.

सहाव्या दिवशी वायंडर बागवाल्याच्या विहिरीवर मोटार काढायला गेला. बागवाला त्याच्याच वयाचा, शाळेपासूनचा, तोंडानं फटकळ. दीडशे फळझाडं, पानं वळायला लागलेली. दोराच्या दोन टोकांना दोघं, पाय रोवून, मोटार वर येत होती. तळहात सोलवटत होते. मोटार काठाला आली आणि वायंडरच्या खिशात फोन वाजला.

"उचल की," बागवाला म्हणाला, "दोर धरतो मी."

त्यानं मोटार आधी काठावर घेतली, हात पुसले, फोन काढला. पडद्यावर लिहिलं होतं: आई. तीनची गोळी. खाली दोन चौकोन होते: दिली, आणि नंतर.

तो विहिरीच्या काठावर बसला.

"कोण मेलं?" बागवाल्यानं विचारलं, आणि विचारल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. "नाही म्हणजे, काय झालं?"

"काही नाही. पोरीचं काम चाललंय."

घरी आल्यावर त्यानं फोन टेबलावर ठेवला. लेकीनं वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तपासायला नावं लागतात. हाताला तीच आली. आठची, तीनची, आणि झोपायची. मी काढून टाकायला विसरले."

"वेळ बरोबर होती," तो म्हणाला. "तीनचीच होती."

तिनं तिथल्या तिथं ते नाव काढून भलतंच काहीतरी घातलं. त्या दिवशी दोघंही लवकर जेवले.

आठव्या दिवसापासून आठवड्याची पाळी बदलली, लाईट दुपारी आली. दुपारी साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि घरातला विजेचा दाब निम्म्यावर यायचा. बल्ब लाल दिसायचा. कॉम्प्युटर चालू व्हायचा, मान टाकायचा, पुन्हा चालू व्हायचा. लेकीनं लिहिलेलं दर दहा मिनिटांनी जायला लागलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा तिनं टेबलावर डोकं ठेवलं.

"चार दिवस राहिलेत," ती डोकं न उचलता म्हणाली. "नाही झालं तर सांगून टाकते त्यांना."

"स्टॅबिलायझर बांधतो."

"तुम्हाला येतो?"

"मोटारीत काय असतं? तार आणि लोखंड. त्यातही तेच असतं."

बागवाल्याची मोटार ओसरीवर उघडी पडली होती. तिला त्यानं पोतं घातलं आणि स्टॅबिलायझर हातात घेतला. कमी दाब वाढवायला जाड तारेचे वेढे. आणि दाब एकदम वर गेला तर वीज आपोआप तोडून टाकायला एक रिले. त्या रिलेला दाब किती आहे ते कळतं बारीक तारेच्या वेगळ्या वेढ्यांवरून. केसासारखी तार, आठशे वेढे. ते कमी भरले तर रिलेला दाब आहे त्यापेक्षा कमी वाटतो आणि ती गप्प बसते.

त्यानं तार लावली, दोन वाट्या आणि बटणं पुढ्यात घेतली. लेक आतून आली आणि समोर बसली, आई बसायची तिथं नाही, जरा बाजूला.

"मी मोजते, बाबा."

"तुझं काम कर. दिवस कुठं राहिलेत?"

"लाईट यायला तास आहे. मोजते ना."

"नको म्हटलं ना."

ते जरा जोरात गेलं. लेक उठून आत गेली. त्याला तिच्या वेळेची काळजी नव्हती. त्या जागेवरून दुसऱ्या कुणाचा आवाज एक, दोन, तीन म्हणेल, ते त्याला ऐकवणार नव्हतं. पण हे त्याला शब्दांत सांगता आलं नसतं.

तो फिरवायला लागला. शंभराला बटण. दोनशेला बटण. पाचशेचं बटण टाकलं तेवढ्यात अंगणात बागवाला उभा.

"माझी मोटार पोत्याखाली झोपली आहे होय?"

"उद्या घेतो."

"उद्या. परवा पण उद्याच होता. दीडशे झाडं आहेत, खेळणं नाही. काय भरतोयस हे? पोरीच्या डबड्याला?"

"तिचं काम आहे."

"आणि आमचं? आम्ही काय पत्ते खेळतो? वहिनी असती तर तिनं पहिली माझी मोटार घ्यायला लावली असती."

वायंडरचा हात हँडलवर थांबला. ते खरं होतं. बागवाला तोंड फिरवून गेला, जाताना दाराला लाथ मारल्यासारखी चप्पल वाजवत. वायंडरनं वाट्यांकडे बघितलं. पाचशे झाले होते, बटण टाकायचं राहिलं असं त्याला वाटलं. त्यानं एक बटण उचलून दुसऱ्या वाटीत टाकलं आणि पुढे एकपासून मोजू लागला.

दुपारी लाईट आली, त्यानं मीटर लावून बघितलं. आत येणारा दाब दीडशे, बाहेर जाणारा दोनशेवीस, काटा हलत नव्हता. वरचा दाब तपासायचा कसा, तो तर कधी वर जातच नव्हता. त्यानं पेटीला झाकण लावलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. लेकीनं मागं वळून त्याच्याकडे बघितलं, आणि त्या एका बघण्यावर तो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यापासून बागवाल्याच्या मोटारीला बसला.

दोन दिवस बरे गेले. लेक लिहीत होती, मधूनच त्याचा फोन मागून घ्यायची, वाजवून बघायची. दुपारचा चहा तो टेबलावर नेऊन ठेवायचा. ती न बघता उचलायची, तोंडाला लावायची, पोळायची. त्यानं मनात ठरवलं, पावसाळ्याआधी त्या खिडकीला पडदा लावायचा, संध्याकाळचं ऊन तिच्या डोळ्यांवर येतं. ओसरीवरची एक बाजू मोकळी करून टेबल बाहेर घेता येईल. वर्ष, दोन वर्षं, ती इथंच काम करेल. घरात माणसाचा वावर राहील.

अकराव्या दिवशी दुपारी शिवाराकडची तार तुटून पडली. सगळ्या मोटारी एका क्षणात बंद झाल्या आणि त्यांचा सगळा दाब घरांच्या लाईनीवर आला. ओसरीवरचा बल्ब पांढराफटक होऊन फुटला. आतून फट्‌ असा आवाज आला. मग वास. जळक्या तारेचा वास वायंडरला पाण्याच्या वासासारखा ओळखू यायचा.

तो आत गेला तेव्हा लेक भिंतीला पाठ लावून उभी होती. डब्याच्या मागून धुराची एक सरळ रेघ वर चालली होती. स्टॅबिलायझरची रिले जागच्या जागी होती. तिनं वीज तोडलीच नव्हती.

"तुला लागलं का?"

तिनं मान हलवली.

"केलेलं दुसरीकडे ठेवलं होतंस?"

"चार दिवसांपूर्वीचं वर चढवलंय. नंतर नेट लागलं नाही." मग म्हणाली, "असू दे, बाबा. लाईनच तुटली, तुम्ही काय करणार?"

संध्याकाळी तिनं खिडकीशी उभं राहून कंपनीच्या मॅडमना फोन लावला. वायंडर खिडकीबाहेर भिंतीशी बसला होता, अर्थिंगच्या खड्ड्याजवळ. त्याला तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"नाही मॅडम, मशीन अख्खी जळली... हो, धूर... नाही, मी नाही जळले." आणि लेक हसली. त्या दिवशीसारखं नाकातून नाही, घशातून, मोकळं, पूर्वी सुट्टीला यायची तेव्हा हसायची तसं. "कोण कोण आहे तुमच्याकडे?... खरंच? ती माझ्याबरोबर होती... हो, पाहिलंत ना, चार दिवसांपूर्वीचं... आवडलं?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. "सोमवारी? नाही, म्हणजे, मला घरी विचारायला लागेल. नाही, नाहीच जमणार बहुतेक. सांगते."

वायंडर उठला तेव्हा त्याचे गुडघे वाजले. आत आला. लेकीच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं, त्याला बघून तिनं ते आवरलं.

"त्या म्हणतात, झालंय तेवढं पुरे, सोमवारपासून ऑफिसातच येऊन बस. मी नाही म्हणणार आहे. मशीन तुम्ही कराल ना दुरुस्त? झाली तर घरूनच चालेल त्यांना."

"बघतो."

त्यानं आधी स्टॅबिलायझर उघडला. बारीक तार उलटी सोडत गेला, वेढ्यागणिक, मोठ्यानं मोजत. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. सातशेला तार संपली. त्यानं हाताला लागलेलं टोक बघितलं, रिकाम्या गाभ्यावर बोट फिरवलं.

"शंभर कमी भरले मी," तो म्हणाला. "बागवाला आला होता, तेव्हा बटण दोनदा टाकलं. लाईनीनं नाही जळलं ते. माझ्यामुळे जळलं."

लेक दारातून येऊन शेजारी बसली.

"तू म्हणाली होतीस मोजते म्हणून."

"आईसारखं मला जमलं नसतं," ती म्हणाली. मोकळी झालेली सगळी तार तिनं उचलली आणि गुंता होऊ नये म्हणून बोटांभोवती गुंडाळत बसली.

सकाळी तो बाजारच्या गावाला गेला. टायपिंगच्या शाळेच्या मास्तरांकडे अजून दोन मोडके डबे पडून होते. त्यातल्या एकाची वीज देणारी पेटी चांगली निघाली. घरी आला तेव्हा लेक पाण्याला गेली होती, टँकरच्या रांगेत, म्हणजे दीड तासाची निश्चिंती. त्यानं जळकी पेटी काढली, दुसरी बसवली, चार स्क्रू, सहा वायरी. लाईट सकाळची नव्हती, म्हणून मोटारी तपासायचा छोटा जनरेटर ओसरीवर ओढून घेतला, दोरी खेचली, दाब बघून घेतला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा उजळला. लेकीच्या कामाच्या ओळी, रंगीत, खाली खाली गेलेल्या, होत्या तशा होत्या.

तो टेबलासमोरच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसत होता. समोर भिंतीवर तो तेलाचा डाग. पडद्यावरचं त्याला काही कळत नव्हतं, पण काम नीटनेटकं आहे एवढं कळत होतं. ओळी एकाखाली एक, कुठे आत सरकवलेल्या, कुठे मोकळी जागा सोडलेली. आईचीच शिस्त. एवढं करणारी मुलगी या कोपऱ्यात बसून राहील. त्याचा चहा होईल, त्याचं जेवण होईल, संध्याकाळी कुणीतरी घरात बोलेल. ती नाही म्हणणारच होती मॅडमना. त्याला फक्त गप्प बसायचं होतं.

कालचं ते हसणं त्याच्या कानातून जाईना.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला, जनरेटर बंद केला. डबा पुन्हा उघडून आतली, लेकीचं काम साठवलेली डिस्क काढली, जपून, आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळली. चांगली पेटी काढून जळकी परत बसवली. स्क्रू आवळताना स्क्रूड्रायव्हर सटकून अंगठ्यात घुसला. आयुष्यात त्यानं कधी चालू वस्तू बिघडवलेली नव्हती.

लेक पाणी घेऊन आली तेव्हा बागवालाही आपली मोटार न्यायला आला होता. तिनं कळशी उतरवली. "झाली, बाबा?"

"मेली ती," वायंडर म्हणाला. "आतली सर्किटची पाटीच गेली आहे. काही होणार नाही तिचं. डिस्क तेवढी वाचली असेल, ती घेऊन जा."

"घेऊन कुठं जाऊ?"

"सोमवारी बोलावलंय ना?"

बागवाल्यानं मोटार उचलता उचलता खाली ठेवली. "काय रे, तीस वर्षं मेलेल्या मोटारी उठवतोस, आणि एक डबडं तुला उठवता येईना? हात गेले की काय तुझे?"

"नाही आलं," वायंडर म्हणाला. "सगळंच येतं असं थोडंच आहे."

लेक दोघांकडे बघत होती. "पण आई म्हणाली होती..."

"मला माहीत आहे काय म्हणाली होती. ती माझी बायको होती, मी समजावीन तिला."

बागवाला मोटार खांद्यावर घेऊन चालता झाला.

रविवारी सकाळी दोघं रस्त्यावर बसची वाट बघत उभी होती. तिची एक बॅग, आणि फडक्यात गुंडाळलेली डिस्क तिच्या पोटाशी. वारा सुटला होता, शेतातली माती उठून रस्त्यावर येत होती. तो सूचना देत राहिला. पोचल्यावर फोन कर. दाब बघून प्लग लाव, नाही, तिथं चांगला असतो, पण तरी बघ. ती हो म्हणत होती.

"बाबा," ती मध्येच म्हणाली, "काल मी रांगेतून निघाले तेव्हा आपला जनरेटर चालू होता का? थेट पारापर्यंत आवाज येत होता."

"बागवाल्याची मोटार बघत होतो."

"ती तर तुम्ही परवाच बघून ठेवली होती."

"पुन्हा बघितली. एकदा चुकल्यावर माणूस दोनदा बघतो."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. अंगठ्याला स्क्रूड्रायव्हर सटकल्याची ताजी खोक होती. तिनं बॅग खाली ठेवली, डिस्क एका हातात धरली, आणि दुसऱ्या हातानं त्याचा तो अंगठा मुठीत घेऊन बस येईपर्यंत उभी राहिली.

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. काच अर्ध्यावर अडकलेली होती, माती सरळ तिच्या तोंडावर येत होती. ती वाकून काहीतरी बोलायला गेली. त्यानं दोन्ही तळवे काचेला लावले आणि जोर करून ती वर सरकवली, पार टोकाला टेकेपर्यंत. मग तिचे ओठ नुसतेच हलताना दिसले. त्यानं सगळं ऐकू आल्यासारखी मान हलवली.